‘ती’ गोळी आणि जिभेखालची गोळी

राजापेठ चौकातल्या कोणत्याही मेडिकलसमोर रात्री साडेनऊनंतर दहा मिनिटे उभे राहा. तापाची, पित्ताची गोळी घेणारा माणूस सरळ काउंटरवर येतो, मागतो आणि जातो. एखादा मात्र गर्दी ओसरण्याची वाट पाहत बाजूला उभा असतो. मग तो आधी डोकेदुखीची गोळी मागतो, नंतर खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या, आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणतो, “अन् ते एक द्या.” ‘ते’ म्हणजे काय, हे दुकानदाराला विचारावे लागत नाही. तो एवढेच विचारतो, “पन्नासची का शंभरची?” कागदात गुंडाळलेली गोळी खिशात जाते आणि गाडी सुरू होते. हे गिऱ्हाईक बहुधा राजापेठचे नसते. राजापेठचा माणूस ही गोळी बडनेऱ्यात घेतो, बडनेऱ्याचा राजापेठेत घेतो, आणि प्रतिष्ठित असेल तर कामाचे निमित्त काढून अकोल्याहून घेऊन येतो.

लिंगाला पुरेशी ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे, या तक्रारीवरच्या गोळीविषयी आज लिहायचे आहे. हा विषय घरात येणाऱ्या वर्तमानपत्रात कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना आठवण द्यावीशी वाटते की, महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी छापून उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांच्यासारख्यांनी या विषयाला वैद्यकात रीतसर जागा मिळवून दिली. कर्व्यांनंतर इतक्या वर्षांनीही आमच्या वऱ्हाडात माणूस ‘ते एक द्या’च्या पुढे जात नसेल, तर चार ओळी लिहिणे भाग आहे.

गोळी वाईट नाही, हे आधीच सांगतो. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत आलेल्या चांगल्या औषधांपैकी ते एक आहे. सिल्डेनाफिल हे तिचे मूळ नाव. इंग्लंडमध्ये एका कंपनीने हे रसायन छातीतल्या कळीवर, म्हणजे हृदयाच्या दुखण्यावर तयार केले होते. १९९० नंतर चाचण्या झाल्या, तेव्हा हृदयाला फारसा उपयोग दिसला नाही, पण औषध घेणारे पुरुष वेगळ्याच परिणामाबद्दल सांगू लागले. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. तेव्हा मी नुकताच दवाखाना टाकला होता. गोळी भारतात यायच्या आधी तिची चर्चा राजापेठच्या पानठेल्यांवर येऊन पोचली होती. २००१ च्या सुमारास आपल्याकडच्या कंपन्यांनीही ती बाजारात आणली आणि ती सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागली. मागाहून टाडालाफिल आले. पहिलीचा अंमल साधारण चार-पाच तास राहतो, दुसरीचा छत्तीस तासांपर्यंत. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून लक्षात ठेवावा.

काम कसे चालते तेही थोडे समजून घ्या. मन उत्तेजित झाले की लिंगातल्या मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते. त्याच्यामुळे एक दुसरे रसायन तयार होते, ते रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करते, रक्त आत भरते आणि ताठरता येते. हे रसायन मोडून टाकणारे एक विकर शरीरात असते. गोळी त्या विकराला अडवते, बस्स. ओलिताच्या भाषेत सांगायचे तर गोळी पाटाचे दार लवकर बंद होऊ देत नाही. पाणी विहिरीतूनच यावे लागते. म्हणून गोळी घेऊन पेपर वाचत बसले तर काहीही होत नाही. इच्छा नसेल तर गोळी इच्छा निर्माण करीत नाही. शुक्राणू वाढवत नाही, मूल होण्याचे औषध ती नाही, आणि शीघ्रपतनाचे तर मुळीच नाही. (दोन औषधे एकाच गोळीत घातलेली पाकिटे बाजारात आहेत. त्यातल्या दुसऱ्या औषधाने काहींना उभे राहताच चक्कर येते, आणि वरून दारू असेल तर ते शुद्ध हरपून पडतातही. ती पाकिटे स्वतःच्या मनाने तर नकोच नको.)

आता मूळ धोक्याकडे येतो. तो समजावा म्हणूनच हा लेख.

हृदयविकाराच्या रोग्याला नायट्रेट वर्गातील औषधे दिली जातात. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट घराघरात ओळखीची आहे. रोज घ्यायच्या आयसोसॉर्बाइडच्या गोळ्या, नायट्रोग्लिसरिनचा फवारा, हे सगळे त्याच कुळातले. निकोरॅन्डिल नावाची गोळी कुळाबाहेरची दिसली तरी काम त्याच वाटेने करते. ही औषधे शरीरात नायट्रिक ऑक्साइड पुरवतात आणि रक्तवाहिन्या सैल करतात. म्हणजे एक औषध दार उघडते आणि दुसरे ते बंद होऊ देत नाही. दोन्ही एका माणसाच्या पोटात एकाच वेळी असली तर रक्तदाब इतका कोसळतो की, माणूस जागीच पडू शकतो. आधीच अरुंद झालेल्या हृदयाच्या नळ्यांना रक्त मिळेनासे होते. वाचकांना गंमत वाटेल, नायट्रोग्लिसरिनपासून सुरुंगाची दारू करणाऱ्या आल्फ्रेड नोबेललाच अखेरच्या काळात डॉक्टरांनी हृदयासाठी ते औषध म्हणून घ्यायला सांगितले होते. नायट्रिक ऑक्साइड शरीरात काय काम करते, हे शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना त्याच्याच नावाचे पारितोषिक मिळाले ते १९९८ साली, नेमके ही गोळी बाजारात आली त्या वर्षी.

कोणी म्हणेल, नायट्रेट चालू असलेला माणूस ही गोळी घेईल कशाला? घेतो. त्याला ते नायट्रेट आहे हे माहीत नसते. त्याच्या लेखी ती ‘हार्टची बारीक गोळी’ असते. पण माझ्या डोळ्यासमोर दुसराच प्रसंग येतो. पंचावन्न वर्षांचा माणूस. हृदयाचे दुखणे आहे हे त्याला ठाऊकच नाही. रात्री गोळी घेतो. तासाभरात छाती भरून येते, घाम सुटतो. बायको शेजाऱ्याला हाक मारते. शेजारी भला माणूस. त्याने फोनवर आलेल्या निरोपात वाचलेले असते की, छातीत दुखले की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवावी. त्याच्या वडिलांची पट्टी घरात असतेच. तो धावत ती आणतो आणि ठेवतो. दोष कोणाला देणार? शेजाऱ्याला माहीत नाही, बायकोला माहीत नाही. ज्याला माहीत आहे तो दातखीळ बसल्यासारखा गप्प आहे, कारण बाजूला सून उभी आहे.

म्हणून हे वाक्य कापून ठेवले तरी चालेल: सिल्डेनाफिल घेतल्यावर चोवीस तास आणि टाडालाफिल घेतल्यावर अठ्ठेचाळीस तास नायट्रेट चालत नाही. त्या काळात छातीत दुखले तर कोणाच्याही घरची जिभेखालची गोळी न घेता इर्विनला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जायचे आणि तिथल्या डॉक्टरला पहिले वाक्य हेच सांगायचे की, “मी अमुक वाजता ती गोळी घेतली आहे.” नायट्रेट सोडूनही हृदयविकाराच्या झटक्यावर पुष्कळ उपचार आहेत, डॉक्टर ते करतात. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरला तुमच्या खाजगी आयुष्यात रस नसतो, त्याला औषधांची यादी हवी असते. नातेवाइकांसमोर बोलवत नसेल तर त्यांना बाहेर पाठवायला सांगा. ते करायला कोणताही डॉक्टर नाही म्हणत नाही.

दारूचेही तसेच. दोन्ही रक्तदाब खाली ओढतात, आणि दारू तर ज्या कामासाठी गोळी घेतली तेच काम बिघडवते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी नोंदवलेली एक केस मार्च २०२३ मध्ये वर्तमानपत्रांतही आली होती. एकेचाळीस वर्षांच्या पुरुषाने पन्नास मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दारूबरोबर घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अस्वस्थ वाटू लागले, उलट्या झाल्या. सोबतच्या बाईने दवाखान्यात जाऊ म्हटले, तर असे मला आधीही झाले होते म्हणून त्याने टाळले. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता. शवविच्छेदनात मेंदूत सुमारे तीनशे ग्रॅम गोठलेले रक्त सापडले. हृदयाच्या भिंती जाड झालेल्या होत्या, म्हणजे रक्तदाब बऱ्याच काळापासून वाढलेला असणार, आणि त्याची नोंद कुठेच नव्हती. असे क्वचित होते हे मान्य. पण आपला रक्तदाब किती आहे हे माहीत नसलेले चाळिशीचे पुरुष या शहरात क्वचित नाहीत, ते प्रत्येक गल्लीत आहेत.

येथे मला या विषयाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, आणि माझ्या दृष्टीने तीच मोठी आहे. ताठरता कमी होणे हा पुष्कळदा स्वतंत्र आजार नसतो, दुसऱ्या आजाराची पहिली खूण असते. लिंगाकडे जाणाऱ्या धमन्या एक-दोन मिलिमीटर जाडीच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. आतून चरबीचा थर बसू लागला की बारीक नळी आधी तुंबते. हृदयाची तक्रार सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षे आधी ही तक्रार सुरू झालेली असते, असे हृदयरोगतज्ज्ञ आज सांगतात. मधुमेहात तर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही मार खातात. आणि आमच्याकडे खर्रा आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर दिवसभर घोटला जातोच. तंबाखू रक्तवाहिन्यांचे काय करतो ते खर्ऱ्याच्या पन्नीवर लिहिलेले नसते. दिवसाला पाच-सहा पन्न्या खाणारा माणूस माझ्याकडे ‘ताकदीचे’ औषध मागतो, तेव्हा मी आधी त्याचा वरचा खिसा तपासतो.

सरकी-तुरीचा व्यापार करणारे एक गृहस्थ दोन वर्षांपूर्वी आले. वय अठ्ठेचाळीस, शरीर धडधाकट. “डॉक्टरसाहेब, चिठ्ठी द्या फक्त. मले काई रोग नाई.” मी म्हटले, चिठ्ठी देतो, आधी बोटाला एक सुई टोचू द्या. साखर २८६ निघाली. रात्री दोनदा लघवीला उठतो, पण ते पाणी जास्त पितो म्हणून, असा त्यांचा समज होता. सहा महिने मधुमेहाचे औषध घेतले, पहाटे वडाळी तलावाकडे फिरणे सुरू झाले, खर्रा पूर्ण सुटला नाही पण दोनवर आला. मग मी त्यांना गोळीची चिठ्ठी देऊ केली, तर म्हणाले, “राहू द्या, सध्या गरज नाई.” प्रत्येकाचे असे होत नाही. पुष्कळांना साखर ताब्यात आल्यावरही गोळी लागते, आणि ती घेण्यात काही कमीपणा नाही. पण तेच गृहस्थ रात्री साडेनऊला काउंटरवर गेले असते, तर गोळी मिळाली असती आणि साखर २८६ वरच राहिली असती. गोळीने काम झाले असते, हेच वाईट. खूण पुसली गेली असती आणि आजार आत वाढत राहिला असता.

औषधांमुळेही ही तक्रार होते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधे यांचा हा परिणाम आहे. पण म्हणून वाचकांनी आजच रक्तदाबाची गोळी बंद करू नये! डॉक्टरला सांगा, बहुतेक वेळा दुसरी गोळी बसवता येते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी औषधे चालू असतील तर ‘ती’ गोळी लहान मात्रेपासून सुरू करावी लागते, नाहीतर उठता उठता भोवळ येते. आणि प्रोस्टेटसाठीच काहींना रोज पाच मिलिग्रॅमचे टाडालाफिल दिलेले असते. तो माणूस वरून मेडिकलमधली शंभरची गोळी घेतो, म्हणजे एकाच कुळातली दोन औषधे घेतो, आणि हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. बुरशीवरच्या काही गोळ्या, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके चालू असताना गोळीची रक्तातली पातळी चढते. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो, दिवसभर उन्हात काम करून अंगातले पाणी आटलेले असते. त्या संध्याकाळी गोळी नको, एवढे तारतम्य मी माझ्या रोग्यांना सांगतो.

मात्रेविषयी लोकांचा समज असा की, शंभरची पन्नासच्या दुप्पट चांगली. बहुतेकांना पन्नास पुरते. पासष्टीच्या पुढे किंवा यकृत-मूत्रपिंडाचा आजार असेल तर पंचवीसपासून सुरुवात करतात. चोवीस तासांत एकदाच, हा नियम कोणत्याही मात्रेला. भरपेट मटण-पुरी खाऊन सिल्डेनाफिल घेतली तर ती तासभर उशिरा लागते. मग माणसाला वाटते गोळी खोटी निघाली आणि तो दुसरी घेतो. डोके दुखणे, चेहरा तापणे, नाक चोंदणे, पोटात जळजळ, क्वचित काही वेळ निळसर दिसणे हे परिणाम होतात आणि ओसरतात. पण अचानक एका डोळ्याने दिसेनासे झाले किंवा कानाने ऐकू येईनासे झाले तर थांबू नये. तसेच ताठरता चार तासांच्या वर राहिली तर हसण्यावारी नेऊ नये. आतले रक्त साकळते आणि इंद्रिय कायमचे निकामी होऊ शकते. अशा वेळी रात्रीच दवाखाना गाठावा, सकाळची वाट पाहू नये. गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांनी, रक्तदाब फार खाली असलेल्यांनी आणि रातांधळेपणाच्या आनुवंशिक आजाराच्या रोग्यांनी या वाटेला जाऊ नये.

हृदयरोग्याने आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळावे असे माझे म्हणणे नाही. दम न लागता, छातीत न दुखता दोन जिने चढणाऱ्याचे, अर्धा दिवस डवऱ्यामागे चालणाऱ्याचे हृदय बहुधा तेवढे श्रम सोसते. माझे एक रोगी, निवृत्त शिक्षक, एकसष्टीचे, रक्तदाब तपासून झाल्यावर दाराच्या कडीला हात लावून थांबले. “एक विचारायचं होतं...” वीस वर्षांत मला या अर्ध्या वाक्याचा अर्थ कळू लागला आहे. बसवले. औषधांच्या पिशवीत आयसोसॉर्बाइड होते. मी गोळीला स्पष्ट नाही म्हटले आणि चिठ्ठी देऊन त्यांना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवले. तिथे सगळ्या तपासण्या झाल्या, नायट्रेटची गरज आता उरलेली नाही असे ठरले, काही आठवड्यांत ते रीतसर बंद झाले, आणि मग त्याच तज्ज्ञाने पंचवीसची मात्रा लिहून दिली. हे सगळे शक्य झाले ते अर्धे वाक्य बोलले गेले म्हणून. नायट्रेट स्वतःच्या मनाने बंद करून गोळी घेणारेही पाहिले आहेत. तो मार्ग नव्हे.

तरुण मुलांचे वेगळेच. लग्नाच्या हंगामात बावीस-पंचविशीची मुले मित्राच्या सल्ल्याने गोळी घेतात, ‘रिस्क नको’ म्हणून. त्यांना पहाटे नैसर्गिक ताठरता येत असते, म्हणजे यंत्रणा शाबूत असते. बिघडलेली असते ती मनाची स्वस्थता. पहिल्या रात्रीची भीती, लहानपणी ऐकलेल्या ‘धातू जाण्याच्या’ आणि एका थेंबाला शंभर थेंब रक्ताच्या गोष्टी. (धातू गेल्यामुळे अशक्तपणा आला असे मानणाऱ्या रोग्यांच्या अवस्थेला डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली वैद्यकात ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. दोष वीर्यात नसून समजुतीत असतो.) अशा मुलाला गोळीने यश मिळाले की त्याला वाटते, गोळीशिवाय आपण काहीच नाही. शरीराला लत लागत नाही, पण आत्मविश्वासाला लागते. त्याला अर्धा तास समजावून सांगणारा माणूस हवा असतो, गोळी नव्हे.

आता रस्त्याकडेच्या तंबूंविषयी आणि भिंतीवरच्या ‘निराश होऊ नका’विषयी. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. बडनेऱ्याहून कोणत्याही दिशेने रेल्वेने जाताना भिंती वाचल्या तर तसे वाटणार नाही. आयुर्वेदाशी माझे भांडण नाही, चांगले वैद्य माझे स्नेही आहेत आणि तेही या तंबूंवर माझ्याइतकेच चिडतात. भांडण आहे ते नाव जडीबुटीचे आणि आत सिल्डेनाफिलची पूड, या प्रकाराशी. अशा ‘वनौषधी’ कॅप्सुलांत हे औषध सापडल्याचे अनेक देशांतील तपासण्यांत दिसून आले आहे. हृदयरोगी ती निर्धास्तपणे घेतो, कारण झाडपाल्याने अपाय होत नाही अशी त्याची श्रद्धा. त्यात किती मिलिग्रॅम आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते.

माझे केमिस्ट मित्र माझ्यावर रागावतील, तरी लिहितो. ही गोळी शेड्यूल एच मधली आहे. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाही, असे पाकिटावरच छापलेले असते. मित्र म्हणतात, “डॉक्टर, इंग्लंडमध्ये २०१८ पासून पन्नासची गोळी बिनचिठ्ठीची मिळते, मग आम्हीच काय पाप केलं?” खरे आहे, मिळते. पण तिथे फार्मासिस्ट आधी प्रश्न विचारतो: हृदयाचा आजार आहे का, छातीत दुखते का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. उत्तरे पटली नाहीत तर गोळी न देता डॉक्टरकडे पाठवतो. आपल्याकडेही काउंटरमागे डी.फार्म., बी.फार्म. झालेला माणूस असला पाहिजे असा कायदा आहे, आणि त्याला हे सगळे शिकवलेलेही असते. त्याने एक प्रश्न विचारला, “जिभेखालची गोळी ठेवता का?”, तरी पुष्कळ काम होईल. पण रात्री साडेनऊला काउंटरवर असते ते बारावी झालेले पोरगे, आणि त्याला एकच प्रश्न ठाऊक असतो: पन्नासची का शंभरची.

आणि आम्ही डॉक्टर? रोग्याने विचारावे म्हणून आम्ही थांबतो, डॉक्टरने विचारावे म्हणून रोगी थांबतो. मधुमेह्याचे पाय आम्ही तपासतो, डोळे तपासायला पाठवतो, हा प्रश्न मात्र गाळतो. मी चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक मधुमेही पुरुषाला तो विचारतो, तेवढ्याच सहज सुरात. कोणी आजवर उठून गेलेला नाही.

बायकोला सांगावे का, असा प्रश्न नेहमी येतो. मध्यंतरी एक बाई एकट्याच आल्या. पर्समधून रिकामी पट्टी काढून टेबलावर ठेवली. “डॉक्टरसाहेब, यायच्या खिशात सापडलं हे. या वयात कोनासाठी?” तीन महिने त्या मनात कुढत होत्या. नवरा माझाच रोगी. दुसऱ्या दिवशी दोघांना समोर बसवले. त्याला अपयशाची लाज वाटत होती, म्हणून लपवून घेत होता, तिच्यासाठीच. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मले सांगतलं असतं तं म्या काय गावभर दवंडी देली असती?” आता गोळी तिच्या माहितीने येते, आणि दुखलेखुपले तर डॉक्टरला काय सांगायचे हेही तिला माहीत आहे.

ज्यांना हे सगळे डॉक्टरसमोर बोलायला जड जाते त्यांनी कागदावर लिहून द्यावे, चालते. दवाखान्यात गर्दी असेल तर दुपारची वेळ बरी. येताना घरातल्या सगळ्या चालू गोळ्या पिशवीत घालून आणाव्यात, नावे पाठ करून येऊ नये, कारण ती हमखास चुकतात. तंबूतले चूर्ण असेल तर त्याचीही पुडी आणावी. रक्तदाब, साखर, चरबी, गरज पडली तर हृदयाचा आलेख, एवढ्या तपासण्या होतील. आणि वडिलांची असो की शेजाऱ्याची, जिभेखालची पट्टी घरात असेल तर तीही पिशवीत टाका.